टँकरच्या खेपा, कोळशाच्या रेघा आणि पहिल्या पानावरची बातमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका विद्यापीठ विभागाचं आहे. लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण शिकवणारा हा विभाग. मी त्या वेळी तिथे शिकवत होतो, आणि पुढे ज्या चर्चासत्राचा उल्लेख येईल त्याचा समन्वयकही होतो. विद्यापीठ, जिल्हा, गाव, वर्तमानपत्र आणि साल यांपैकी काहीही इथे दिलेलं नाही. सर्वेक्षणातले ओळख पटेल असे आकडेही गाळले आहेत. संशोधन करणं, माध्यमांत बोलणं आणि कार्यक्रम घेणं ही तीन कामं आपल्याकडचे बहुतेक सामाजिक शास्त्रांचे विभाग करतात. ती कोणत्या क्रमानं करायची, याचा विचार मात्र कुठे फारसा होत नाही. आमच्याकडे तो झाला नाही, आणि त्याचा त्रास एका म्हाताऱ्या बाईला झाला. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

पार्श्वभूमी

विभाग लहान. मोजके कायम शिक्षक, बाकी तासिका तत्त्वावरचे. विद्यार्थी बीड, परभणी, हिंगोली, जालना अशा आसपासच्या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून येणारे. निम्म्याहून अधिक मुलं स्पर्धा परीक्षेची तयारी करत करत एम.ए. करतात. दुष्काळ हा त्यांच्यासाठी अभ्यासक्रमातला घटक नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलं की सकाळी टिपाड घेऊन टँकरच्या मागे धावायचं, हे त्यांच्या घरचं काम असतं.

अशा विभागाला इथल्या सार्वजनिक जीवनात एक जागा आपोआप मिळते. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ साली मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं. अनुशेषाचे आकडे, सिंचनाची तफावत, निधीचं वाटप यावर बोलण्यासाठी ती एक अधिकृत जागा होती. ३० एप्रिल २०२० रोजी तिची मुदत संपली. त्यानंतर मागासलेपणाचा प्रश्न निघाला की पत्रकार फोन कुणाला लावणार? विद्यापीठातल्या माणसाला. आमच्या विभागात हे फोन एका सहकाऱ्यांकडे यायचे. पुढे त्यांना मी नुसतं 'सर' म्हणेन.

सरांचं बोलणं चांगलं आणि अभ्यास पक्का. दर ऑक्टोबरला जायकवाडी धरणाच्या पाण्याचा प्रश्न पेटतो तेव्हा त्यांचा बाईट ठरलेला असायचा. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, त्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, धरणांतल्या पाणीवाटपाचं मेंढेगिरी समितीचं सूत्र, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम, याच वाटपावरचा २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल. हे सगळं ते कागद हातात न घेता सांगत. बोलण्याला आधार असलेला प्रत्येक कागद जगासमोर होता. कुणी आक्षेप घेतला तर कागद दाखवता येत होता. रागावलेच तर दोनशे किलोमीटरवरचे लोक रागावत.

इथेच आम्हाला एक सवय लागली. बातमी आली की कात्रण फाइलला. मूल्यांकनाच्या वेळी ती फाइल जाडजूड दिसायची आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण धरणावर ज्या मोकळेपणानं बोलतो, त्याच मोकळेपणानं गावावर बोलता येत नाही, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

अभ्यास

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. जिल्ह्यात टँकर सुरू झाले होते. दोन विद्यार्थ्यांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, लघुप्रबंधासाठी विषय घेतला: टँकरच्या मंजूर खेपा आणि गावात प्रत्यक्ष आलेल्या खेपा. मार्गदर्शक सर. गावं तीन, त्यातलं एक त्या मुलीच्या मामाचं.

टँकरचा कारभार बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते जून अशा नऊ महिन्यांचा असतो, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत. गावातलं पाणी आटलं की ग्रामपंचायत ठराव करते. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते आणि मग टँकर मंजूर होतो. ग्रामीण भागात माणशी दिवसाला २० लिटर धरून खेपा ठरतात. (जलजीवन मिशनचं नळाचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटर आहे. टँकरवर जगणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत कळतं.) टँकर भरायला जवळपासची एखाद्या शेतकऱ्याची विहीर किंवा बोअर अधिग्रहित करतात. तिथून टँकर भरून येतो आणि गावच्या कोरड्या आडात किंवा टाकीत रिकामा होतो. खेपांची नोंद लॉगबुकात होते, गाडीवर जीपीएस असतो, आणि त्यावर ठेकेदाराचं बिल निघतं.

म्हणजे 'किती खेपा आल्या' या साध्या प्रश्नाच्या एका टोकाला तहान आहे आणि दुसऱ्या टोकाला पैसा. हा विषय निवडला यात चूक नव्हती. तो निवडल्याचा मला आजही अभिमान आहे.

कोळशाच्या रेघा

मामाच्या गावात लॉगबुक बघायला मिळेना. ग्रामसेवक म्हणाले, पंचायत समितीत आहे; पंचायत समितीत म्हणाले, ग्रामसेवकाकडे आहे. तेव्हा त्या मुलीची मामी म्हणाली, "वेशीजवळच्या मावशीकडं जा. तिच्या भिंतीवर समदं हाय."

मावशींचं घर आडाला लागूनच. दार निळ्या रंगाचं, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, आणि दाराच्या डाव्या हाताला पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. एक जुडी संपली की शेजारी दुसरी. दिवस बदलला की मध्ये टिंब. एप्रिलचा अख्खा महिना त्या भिंतीवर होता.

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान वयात आईबरोबर खडी फोडायला जायच्या. तिथला मुकादम दर पाटीला रेघ मारायचा आणि संध्याकाळी एखादी खाऊन टाकायचा. म्हणून आईनं पोरीला स्वतःच्या रेघा स्वतः मारायला शिकवलं. पन्नास वर्षांनी ती विद्या टँकरसाठी कामी आली. "मला लिहिता येत नाही, पण मोजता येतं," असं त्या मुलांना म्हणाल्या. मुलांनी भिंतीचा फोटो काढला, रेघा मोजल्या आणि तक्त्यात भरल्या. तक्त्यात दोनच रकाने होते: आला, नाही आला. बाकी दोन गावांत त्यांनी घरोघरी विचारून आणि आठवडाभर स्वतः आडावर बसून मोजणी केली.

निष्कर्ष सरळ निघाला. आलेल्या खेपा मंजुरीपेक्षा बऱ्याच कमी होत्या, आणि मामाच्या गावात सर्वांत कमी. खेपा कमी का होत्या, हे मात्र अभ्यासात कुठेच विचारलेलं नव्हतं.

बातमी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दैनिकाच्या जिल्हा प्रतिनिधीचा सरांना फोन आला. टँकरवर मालिका चालू आहे, तुमच्याकडे काही आहे का? सरांनी अभ्यासाबद्दल सांगितलं. प्रतिनिधींनी विचारलं, मग उरलेलं पाणी जातं कुठे? सर म्हणाले, "कागदावर खेपा दिसतात आणि गावात पाणी दिसत नाही, तर मधे कुणीतरी पाणी मुरवतंय, हे उघड आहे." फोटो आहे का, म्हणून विचारलं. सरांनी विद्यार्थ्याला पाठवायला सांगितलं. त्यानं भिंतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी. मथळा असा होता की विद्यापीठाच्या अभ्यासात टँकर घोटाळा उघडकीस आला. मथळा जिल्हा प्रतिनिधी देत नाही, डेस्क देतो, हे मला ठाऊक आहे. मी त्या प्रतिनिधींना दोष देत नाही. मजकुरात गावाचं नाव होतं. मावशींचं नाव नव्हतं. पण तीन कॉलमी फोटो होता, आणि त्यात रेघांच्या शेजारी निळं दार आणि लक्ष्मीची पावलं स्पष्ट दिसत होती. गावात निळं दार एकच.

सकाळी सरपंचांनी विभागप्रमुख मॅडमना फोन केला. "मॅडम, तुमच्या पोरांनी आमचं गाव पेपरात चढवलं. टँकरवाला म्हणतो, बदनामी झाली, मी येत नाही. आता पाणी तुमी आणून देता का?"

दोन दिवस गावात टँकर आला नाही. ग्रामसेवकांना नोटीस निघाली. आणि लोकांनी राग कुणावर काढला? ठेकेदार तालुक्याला, अधिकारी त्याहून लांब, विद्यापीठ तर त्याहूनही पलीकडे. हाताशी होती ती निळ्या दाराची मावशी. आडावर बायका तिला म्हणाल्या, तुझ्या भिंतीमुळं पाणी तुटलं. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलानं भिंतीवर चुना फासला.

नेमका प्रश्न काय होता

विभागात बैठक झाली तेव्हा पहिला अर्धा तास मथळ्यावरच गेला. पेपरनं वाढवून छापलं, आम्ही 'घोटाळा' म्हटलंच नव्हतं, वगैरे. मग मॅडमनी एक वाक्य विचारलं: "पाणी मुरवतंय असं आपण म्हणालो, त्याला आपल्याकडे काय आधार आहे?" सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधार अनुभवाचा आहे. अभ्यासाचा नाही."

हे कबूल करायला हिंमत लागते, आणि सरांनी ते सगळ्यांसमोर, विद्यार्थ्यांदेखत कबूल केलं. तिथून पुढे बैठकीला दिशा आली. आमच्यापुढे तीन वेगवेगळे प्रश्न होते आणि आम्ही त्यांची एकच मोट बांधून बसलो होतो. एक, निष्कर्ष: खेपा कमी आल्या. यावर आम्ही ठाम होतो. दोन, कारण: याचा आम्ही अभ्यासच केला नव्हता. तीन, मावशी: त्यांनी माहिती दिली होती ती लघुप्रबंधासाठी, पेपरसाठी नाही. फोटो काढू का, असं मुलांनी विचारलं होतं. छापू का, असं कुणीच विचारलं नव्हतं.

त्यात आणखी एक गाठ होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचं टंचाईवरचं एक दिवसाचं चर्चासत्र ठरलेलं होतं. पत्रिका छापून झाली होती, बॅनर आला होता, प्रशासनातले पाहुणे यायचे होते. बातमीनंतर त्यातल्या दोघांनी 'बघू' असं कळवलं. आपल्याकडे 'बघू' म्हणजे येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

विद्यापीठ कार्यालयाकडून तोंडी सूचना आली की अभ्यास विद्यार्थ्याचा वैयक्तिक आहे, विद्यापीठाचा त्याच्याशी संबंध नाही, असं पत्रक काढा. हा पर्याय सर्वांत सोपा होता आणि मला सर्वांत वाईट वाटला. त्यानं सगळं ओझं बावीस-तेवीस वर्षांच्या दोन मुलांच्या डोक्यावर गेलं असतं. मॅडमनी तो तिथल्या तिथे नाकारला.

गप्प बसावं, दोन आठवड्यांत लोक विसरतील, असाही एक सूर होता. पेपर विसरतो हे खरं आहे. गाव विसरत नाही.

सरांचं मत वेगळं होतं आणि ते मी इथे नीट मांडायला हवं, कारण ते चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, "आपण आता माघार घेतली तर उद्या ठेकेदार म्हणेल, बघा, विद्यापीठानंच मान्य केलं की खेपा पूर्ण होत्या. चूक आपल्या वाक्यात आहे, आकड्यांत नाही. उलट सगळा कच्चा तक्ता जाहीर करून टाकू, ज्याला तपासायचं त्यानं तपासावा." मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच की कच्चा तक्ता म्हणजे कोणत्या गावात कोणत्या घरानं काय सांगितलं त्याची यादी. एका मावशीचं झालं ते आणखी वीस घरांचं झालं असतं.

चौथा पर्याय त्या मुलीनं मांडला, जवळजवळ रडत. "मॅडम, मला आधी मामाच्या गावाला जाऊ द्या. मामीनं फोन उचलणं बंद केलंय."

निर्णय

मॅडमनी दोन गोष्टी ठरवल्या. वर्तमानपत्राला लेखी खुलासा जाईल, पण त्यात माघार नसेल. खेपा कमी आल्याचा निष्कर्ष कायम आहे. कारणांचा अभ्यास झालेला नाही, त्यामुळे गैरव्यवहाराबद्दलचं विधान विभाग मागे घेतो. छायाचित्र संबंधितांच्या संमतीविना दिलं गेलं याबद्दल खेद आहे. तीन वाक्यं. सरांनी त्यावर स्वतःच्या नावानं सही केली, विभागाच्या नावामागे लपले नाहीत. खुलासा आठव्या पानावर, खाली, लहान अक्षरांत आला. तेवढाच येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गावात जायचं. कॅमेरा नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. मॅडम, सर, दोन विद्यार्थी आणि मी, एवढेच.

पहिल्या खेपेला मावशी भेटल्याच नाहीत. घरात होत्या, पण बाहेर आल्या नाहीत. सुनेनं ओसरीवर बसायला सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आमच्या पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या होत्या. तरी तो तांब्या आम्ही पाच जणांनी पुरवून प्यालो, कारण त्या घरात त्या आठवड्यात तो तांब्या किती मोलाचा होता हे आम्हाला तक्त्यावरून माहीत होतं. आतून मावशींचा आवाज आला, तो मी विसरणार नाही: "माझं दार कामून छापलं?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. सर म्हणाले, "चुकलं, मावशी." तेवढंच बोलून आम्ही परत आलो.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी त्या ओसरीवर येऊन बसल्या. मुलीनं मोबाइलवरचा जुना फोटो दाखवला आणि आमच्या तक्त्यातली बेरीज वाचून दाखवली. मावशींनी मध्येच थांबवलं. "ही रेघ अर्धी हाय. ही पण. तुमी पुरी मोजली का?"

आम्ही फोटो मोठा करून बघितला. खरंच काही रेघा निम्म्या उंचीच्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, कोळसा संपला असेल, हात पोचला नसेल. मावशी म्हणाल्या, "अर्धा टँकर आला तर अर्धी. कामून पुरी मारू?"

त्या एका वाक्यानं आमचा तक्ता खाली आला. काही अर्ध्या खेपा मुलांनी पूर्ण धरल्या होत्या, काही पुसट म्हणून सोडून दिल्या होत्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टँकर अर्धा का येत होता? पाणी चोरायचं असतं तर अर्धा टँकर गावात आणून ओतण्याचा खटाटोप कुणी कशाला केला असता? मुलगा तिथेच ओसरीवर बसून तारखा मांडू लागला. अर्ध्या आणि गाळलेल्या खेपा महिनाभर विखुरलेल्या नव्हत्या. सलग तीन-चार दिवस कमी, मग तीन-चार दिवस बऱ्या, पुन्हा कमी. मावशींचा मुलगा उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "हे तर लाइटीचं हाय." आणि निघून गेला.

शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला, त्या वेळी थ्री-फेज वीज चक्राकार मिळायची: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. अधिग्रहित विहीर शेतातली, मोटार शेतीच्या फीडरवर. रात्रपाळीच्या दिवसांत दिवसभर मोटार बंद. रात्री भरायला ड्रायव्हर थांबला तर एखादी खेप व्हायची, दाब कमी असला की टँकर अर्धाच भरायचा. आम्ही पाच शिकलेली माणसं महिनाभर तो तक्ता बघत होतो. ज्याच्या शेतात पाळीनं वीज येते त्याला तो एका नजरेत वाचता आला.

चर्चासत्राचं काय झालं

समन्वयक म्हणून हा निर्णय माझ्याकडे होता. रद्द करावं असा सल्ला बहुतेकांनी दिला. मी ते पुढे ढकललं नाही, जागा बदलली. विद्यापीठाचं वातानुकूलित सभागृह सोडून त्याच गावच्या मारुतीच्या मंदिरापुढच्या सभामंडपात. उद्घाटन नाही, शाल-श्रीफळ नाही, बीजभाषण नाही. सकाळी आठला सुरू, कारण अकरानंतर पत्र्याखाली बसवत नाही. आधी सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "पेपरवाले आणू नका." आम्ही म्हटलं, आणत नाही, पण कुणी स्वतःहून आलं तर हाकलणार नाही. तेवढं त्यांनी मान्य केलं.

लोक आले, मात्र बायका कमी आल्या, कारण ती टँकरची वेळ होती. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. गटविकास अधिकारी आले. टँकरचा ड्रायव्हर आला, पण बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला. मुलीनं तीन गावांचं वाचन केलं. घरांची नावं नाहीत, गावनिहाय बेरीज आणि आठवडानिहाय चढउतार फक्त. ड्रायव्हर म्हणाला, "मोटार चालली तर मी भरतो साहेब. रातच्याला दोन वाजता विहिरीवर एकटा किती दिवस थांबू?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, मग बिल किती खेपांचं निघालं? यावर कुणी काही बोललं नाही. अधिकारी म्हणाले, तपासून घेतो.

निष्पन्न

भरण्याची जागा बदलली. शेतीच्या फीडरवरची विहीर सोडून गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर, असलेल्या एका बोअरवरून टँकर भरायला लागला. पाऊस पडेपर्यंतच्या दिवसांत खेपा वाढल्या. मामी फोनवर रोज आकडा सांगायची आणि मुलगी लिहून ठेवायची. मंजूर तेवढ्या सगळ्या आल्या असं मी म्हणणार नाही. काही दिवस तरीही कोरडे गेले.

ग्रामसेवकांवरची नोटीस पुढे सरकली नाही. विद्यार्थ्यांचा लघुप्रबंध पुन्हा लिहिला गेला. त्यात 'पूर्ण', 'अर्धी' आणि 'नाही' असे तीन रकाने आले, आणि वीजपुरवठ्यावर एक वेगळं प्रकरण आलं, जे मूळ आराखड्यात नव्हतंच.

बिलांचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत आहे. जीपीएसच्या नोंदी आणि लॉगबुकच्या प्रती आम्ही माहिती अधिकारात मागितल्या. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर त्या मुदतीनंतर आलं, अर्धवट आलं, आणि तोवर आडाला पाणी लागून गावाचा रस निघून गेला होता. सरांचा संशय खोटा होता असं कुणी म्हणू शकत नाही, आणि खरा होता असंही नाही. वीज हे खेपा कमी होण्याचं एक कारण सापडलं. न आलेल्या खेपांचं बिल निघालं का, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. अपील केलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी क्रम. अहवाल पेपरात जाण्याआधी गावात वाचला असता तर अर्धी रेघ आम्हाला एप्रिलअखेरच कळली असती, आणि 'मुरवतंय' हा शब्द सरांच्या तोंडी आलाच नसता. यावर एक आक्षेप मी स्वतःच अनेकदा घेतला आहे: लोक तहानलेले असताना संशोधकानं सावकाशीनं गावसभा भरवत बसावं का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वेळी बातमीचा धक्काच यंत्रणा हलवतो. हे मी मानतो. पण आम्हाला महिने लागणार नव्हते. दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. पत्रकारालाही 'परवा सांगतो' म्हणता आलं असतं. मालिका त्याची होती, पुढच्या भागात बातमी लागली असती. घाई पेपरला होती त्याहून जास्त आम्हाला होती.

दुसरं, तक्त्याचे रकाने. 'आला' आणि 'नाही आला' हे रकाने विभागात बसून ठरले. एकदा आडावर बसून, कोऱ्या कागदावर बायका काय मोजतात ते नुसतं लिहून घेतलं असतं तर रकाने त्यांनीच सांगितले असते. प्रश्नावली करण्याआधी एक दिवस प्रश्नावलीशिवाय जायचं, असा नियम विभागात आता आहे.

तिसरं, फोटो. नाव लपवलं म्हणजे माणूस लपतो, हा शहरी समज आहे. खेड्यात दार, बैल, साडी, आवाज, काहीही पुरतं. आता माहिती घेताना दोन वेगळ्या परवानग्या घेतो: अभ्यासाला वापरू का, आणि छापायला देऊ का. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक नाही म्हणतात. मग फोटो जात नाही, बातमी फोटोविना लागते किंवा लागत नाही.

चौथ्या मुद्द्यावर विभागात अजून मतभेद आहे. माध्यमांशी कुणी बोलावं? मॅडमचं म्हणणं, विभागातून एकानंच, लेखी टिपण समोर ठेवून. सरांचं म्हणणं, असं केलं तर विभाग सरकारी कार्यालयासारखा बोलू लागेल आणि मग आपल्याला फोन येणार नाहीत. मराठवाड्याबद्दल बोलायला आधीच माणसं कमी आहेत. मी सरांच्या बाजूचा आहे, एका अटीवर. धरण, निधी, अनुशेष, कायदा यावर ज्यानं अभ्यास केला त्यानं खुशाल बोलावं, फोन आला की लगेच बोलावं. पण जिथे माहिती देणारा माणूस ओळखू येईल एवढा जवळ आहे, तिथे त्या माणसाला आधी कळवल्याशिवाय एक शब्दही जाऊ नये. सरांनी हे मान्य केलं आहे. मॅडमनी अजून केलेलं नाही.

आणि चर्चासत्राची वेळ. सकाळी आठला बायका टँकरवर असतात हे ज्या विभागाला टँकरवर अभ्यास करूनही सुचलं नाही, त्याच्याबद्दल मी आणखी काय लिहू. पुढच्या वर्षीची बैठक आम्ही रात्री जेवणानंतर घेतली, आणि सभामंडप भरला.

मावशींना आम्ही सुधारलेल्या लघुप्रबंधाची प्रत नेऊन दिली. मुलीनं त्यांच्या रेघांवरचं पान उघडून वाचून दाखवलं. तिथे भिंतीचा फोटो टाकायचा का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, नको. ती जागा कोरी आहे.